मृत मालकाची गाडी आणि तीस दिवसांची सूचना : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वाहनमालकाच्या निधनानंतर वाहन वारसाच्या नावे करण्याच्या कार्यपद्धतीबाबत.

महोदय,

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य आटोपताच बँकेची पासबुके, विम्याच्या पॉलिसी, निवृत्तिवेतनाचे कागद आणि गावाकडचा सातबारा यांची शोधाशोध सुरू होते. दारात उभ्या असलेल्या गाडीचा विचार मात्र बहुधा कोणी करत नाही, कारण तिची किल्ली घरातच असते, ती चालवणारे माणूस घरातच असते आणि त्या दिवसांतल्या धावपळीत तिची गरज नेहमीपेक्षा जास्तच असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र मृत्यूच्या दिवसापासूनच मुदत मोजली जाऊ लागलेली असते. ही मुदत वारसांना ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तरी ती पाळण्याची सोय आपल्या कार्यालयांत सहजासहजी सापडत नाही, या एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने सभासदाच्या निधनानंतरचे कागद, म्हणजे नामनिर्देशन, वारसांची नाहरकत पत्रे आणि सदनिकेचे हस्तांतरण, माझ्या हातून नेहमी जातात. त्याच बोलण्यात ‘बाबांच्या गाडीचं काय करायचं?’ हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याला जितकी तोंडे तितकी उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, वर्षश्राद्ध होईपर्यंत काही करू नका. कोणी म्हणते, आधी कोर्टातून दाखला आणा. कोणी सरळ ओळखीच्या एजंटचा नंबर देऊन मोकळा होतो. कायदा आणि नियम उघडून पाहिले, तर त्यांतले उत्तर या तिन्हींपेक्षा सोपे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्याकडे वाहनाचा ताबा येतो त्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडे हस्तांतरणासाठी अर्ज करावा, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ त्याची रीत सांगतो. मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत वारसाने मालक वारल्याची आणि आपण वाहन वापरू इच्छितो याची सूचना कार्यालयाला द्यायची. ती दिली की मृत्यूनंतरचे तीन महिने वाहन जणू त्याच्याच नावावर आहे असे समजून त्याला वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत त्याने फॉर्म ३१ भरून रीतसर अर्ज करायचा. सोबत फी, मृत्यूचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आपली आरसी, आणि विम्याचे प्रमाणपत्र. दुःखात असलेल्या कुटुंबाला तीन महिन्यांची उसंत देणारा हा नियम ज्याने कोणी लिहिला त्याने माणुसकीने लिहिला आहे, असे मी म्हणेन.

अडचण आहे ती पहिल्या पायरीवर. तीस दिवसांची ही सूचना द्यायची कोणाकडे, कोणत्या नमुन्यात, आणि ती दिल्याचा पुरावा काय? आमच्या एका सभासदाच्या मुलीने साध्या कागदावर अर्ज लिहून, सोबत दाखल्याची प्रत जोडून, तो एका कार्यालयात नेला, तेव्हा तिला खिडकीवर सांगण्यात आले की असा अर्ज घेतला जात नाही, सगळे कागद जमले की एकदमच ऑनलाइन करा. तिने तो शेवटी नोंदणीकृत टपालाने पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. प्रत्येकाला हे सुचेल असे नाही, आणि नियमाने दिलेली सवलत मिळवण्यासाठी नागरिकाला टपाल खात्याचा आधार घ्यावा लागावा हेही बरोबर नाही. त्यातून मृत्यूची नोंद करण्याचीच मुदत २१ दिवसांची आहे. ती शेवटच्या दिवशी झाली, तर दाखल्याची प्रत हाती घेऊन सूचना देण्यासाठी उरतात जेमतेम ९ दिवस.

आपल्याच राज्यात, आपल्याच शासनाच्या दुसऱ्या खात्यात याहून बरी रीत फार पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने जमिनीचा हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, ती तोंडी दिली तरी चालते, आणि तलाठ्याने तिची लेखी पोच तात्काळ द्यायची असते. फेरफार मंजूर व्हायला पुढे वेळ लागो, पण खबर दिल्याचा कागद वारसाच्या हातात पहिल्या दिवशी पडतो. परिवहन खात्याकडे माझी मुख्य मागणी एवढीच आहे, की नियम ५६ मधल्या सूचनेसाठी एक वेगळा, एका पानाचा मराठी नमुना असावा, तो कोणत्याही परिवहन कार्यालयात आणि ऑनलाइनही स्वीकारला जावा, त्या वेळी मृत्यूच्या दाखल्याखेरीज दुसरे काहीही मागू नये, आणि दिनांक व क्रमांक असलेली पोच जागेवर मिळावी. वारस नेमके किती, वाद आहे की नाही, विमा चालू आहे की संपला, हे सारे प्रश्न फॉर्म ३१ च्या वेळी पाहता येतील.

या पोचेचे महत्त्व सर्वांत जास्त कुठे असेल, तर विम्यात. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचे खरे नुकसान इथेच होते आणि ते अपघात होईपर्यंत लक्षातही येत नाही. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत अशी अट असते, की एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाल्यास पॉलिसी लगेच रद्द होत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते, आणि तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा नवी घ्यावी. आता सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा आणि दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीसाठीचा) एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे कुटुंबीय पॉलिसी उघडून पाहतात तेव्हा तिच्यावर पुढच्या एखाद्या वर्षाची तारीख असते आणि ते निर्धास्त होतात. अट बारीक अक्षरात असते, ती कोण वाचतो?

दुसरा प्रकार याहून वाईट आहे. वडील मार्चमध्ये गेले आणि पॉलिसी एप्रिलमध्ये संपली, असे धरू. मुलगा नवी पॉलिसी घ्यायला जातो तर विमा कंपनी म्हणते, आरसीवर तुमचे नाव कुठे आहे, आधी गाडी नावावर करा. तो परिवहन कार्यालयाकडे येतो तर कार्यालय म्हणते, चालू विमा जोडल्याशिवाय हस्तांतरणाचा अर्ज पुढे जाणार नाही. या दोन दारांमध्ये फिरून कंटाळलेला मुलगा रात्री मोबाईलवर वडिलांच्याच नावाने पॉलिसीचे ऑनलाइन नूतनीकरण करून टाकतो, कारण तिथे पैसे भरताना विमाधारक हयात आहे का, असे कोणी विचारत नाही. हातात पॉलिसीचा कागद येतो, पोलिसांनी अडवले तर तो दाखवताही येतो, पण ज्या माणसाशी हा करार झाला तो माणूसच नाही. उद्या अपघात झाला, तर कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवील. अपघात दाव्यात नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेली आहे. नोंदणीवरचा मालक हयात नसेल, तर भरपाईची झळ त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपर्यंत आणि गाडी चालवणाऱ्या वारसापर्यंत पोचू शकते. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षणही मुळात नोंदणीकृत मालकासाठी असते, आईच्या नावची गाडी आईच्या पश्चात चालवणाऱ्या मुलाला ते गृहीत धरता येत नाही.

म्हणून विनंती अशी, की परिवहन खात्याने विमा नियामक आयआरडीएआयशी पत्रव्यवहार करून सूचनेची पोच आणि मृत्यूचा दाखला एवढ्या आधारावर वारसाच्या नावे पॉलिसी देण्याची सर्व कंपन्यांसाठी एकच पद्धत ठरवून घ्यावी. यात कंपन्यांचे काही जात नाही. गाडी पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील यांच्याकडे गेली तर मृताने जमवलेला ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) सुद्धा त्यांना मिळतो, ही माहितीही त्याच पत्रकात आली, तर अनेकांचे काही हजार रुपये वाचतील.

आता वारसाच्या पुराव्याकडे येतो. नियमात कागदांची यादी छोटी आहे, पण प्रत्यक्षात एक कार्यालय सर्व वारसांची नाहरकत आणि प्रतिज्ञापत्र घेऊन काम करते, दुसरे तहसीलदारांचा दाखला मागते, तर तिसरीकडे चक्क उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला सांगितल्याचे मी ऐकले आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालचे हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, मोटारगाडी या दोन्हींत बसत नाही. वाद असेल तर आपल्या राज्यात वारस प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा मार्ग आहे, आणि त्याचा आधार १८२७ सालचा मुंबई विनियम ८ आहे, म्हणजे देशात पहिली आगगाडी धावण्याच्याही आधीचा कायदा. दहा वर्षे वापरलेल्या, दीड-दोन लाख रुपयांच्या गाडीसाठी निर्विवाद कुटुंबाला त्या वाटेने पाठवणे म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा वकिलाच्या फीमध्ये घालवायला लावणे होय.

नाहरकत घ्यायचीच तर ती कोणाकोणाची, हेही लेखी सांगितलेले बरे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही, आणि म्हातारी आई हयात असेल तर तिचा हक्क सुनेइतकाच आहे. वडील मात्र दुसऱ्या वर्गात येतात. ‘बहिणीची सही कशाला लागते?’ असे विचारणारे भाऊ मला अजून भेटतात, त्यांना कार्यालयाच्या भिंतीवरचा एक फलक माझ्यापेक्षा चांगले उत्तर देईल. बहीण अमेरिकेत असेल, तर तिची सही भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेली हवी, की तिथल्या नोटरीची अपोस्टिल केलेली, म्हणजे तिथल्या शासनाने खरी असल्याचा दाखला जोडलेली, प्रत चालेल, हेही प्रत्येक कार्यालयाच्या मर्जीवर न ठेवता एकदाच ठरवावे. प्रतिज्ञापत्राबाबत तर शासनाचा निर्णय जुनाच आहे, शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने २००४ पासून माफ केले आहे. तरीही कार्यालयाबाहेरच्या टेबलांवर वारसांना शंभर, आणि आता पाचशे रुपयांचा मुद्रांक घ्यायला लावतात. एवढा एक फलक लागला, तरी पुष्कळ लोक दुवा देतील.

या साऱ्या खटाटोपावर केंद्र सरकारने २०२१ साली एक चांगला उपाय आणला. केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन आता मालकाला आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवता येते, नव्या नोंदणीच्या वेळीही आणि नंतर ऑनलाइनही. मृत्यूनंतर त्या व्यक्तीने दाखला पोर्टलवर चढवून नव्या आरसीसाठी अर्ज करायचा, आणि आधार प्रमाणीकरण निवडले तर कार्यालयात जाण्याचीही गरज नाही. पण आमच्या संस्थेच्या वाहनतळात उभ्या गाड्यांच्या मालकांना मी सहज विचारले, तेव्हा बहुतेकांना अशी सोय आहे हेच माहीत नव्हते. वितरकाकडे गाडी घेताना वाढीव वॉरंटीपासून सीट कव्हरपर्यंत सगळे विचारले जाते, नामनिर्देशन मात्र कोणी विचारत नाही. तो रकाना कोरा ठेवायचा असेल तर ‘नामनिर्देशन नको’ असे मालकाने स्वतः लिहून द्यावे, अशी सक्ती वितरकांवर करता येईल. सोबत एक खुलासाही हवा. नामनिर्देशनामुळे गाडी कोणाच्या नावे नोंदवायची हा कार्यालयाचा प्रश्न सुटतो, वारसांचे आपापसातले हक्क त्यामुळे बुडत नाहीत. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नामनिर्देशित व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही असाच निवाडा दिला आहे, आणि सदनिकांच्या बाबतीत आम्ही सचिव मंडळी हे सभासदांना सांगून थकलो आहोत.

गाडी नावावर होईपर्यंतच्या काळात आणखी काही लहान गाठी बसतात. वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर मोबाईल क्रमांक मृत मालकाचा असतो, आणि घरच्यांनी तो क्रमांक महिनाभरात बंद केला, की पुढचे ओटीपी कोणालाच मिळत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिली सूचना हीच देतो, की गाडीचे काम होईपर्यंत ते सिम चालू ठेवा. ई-चलानचे संदेशही त्याच क्रमांकावर येतात, दंड साठत जातो आणि हस्तांतरणाच्या वेळी एकदम समोर येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली, आणि ती नसेल तर हस्तांतरणासारखी कामे अडवण्याचे खात्याने ठरवले. तेव्हा मृत मालकांच्या जुन्या गाड्यांच्या वारसांना आधी मृताच्याच नावाने पाटी मागवावी लागली. सूचनेची पोच दिल्यावर तिच्या क्रमांकाबरोबर वारसाचा मोबाईल क्रमांक तात्पुरता जोडून दिला, तर या गाठी एकाच वेळी सुटतील. फास्टॅग मात्र बँकेकडून बंद करून नव्या मालकाच्या नावे नवा घ्यावा लागतो, त्यात खात्याला करण्यासारखे फार नाही.

कर्ज शिल्लक असेल तर आधी बँकेकडे जाऊन कर्जासोबत विमा उतरवला होता का ते पाहावे, आणि फेड झाल्यावर फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा, हे बहुतेकांना बँकच सांगते. गाडी १५ वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर यांचा हिशेब करून ती ठेवायची की नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढायची ते ठरवावे. बेळगाव किंवा पणजीच्या वडिलांची गाडी कोल्हापूरच्या मुलाकडे आली, तर बारा महिन्यांहून अधिक काळ ती इथे ठेवताना मूळ कार्यालयाच्या नाहरकतीसह इथे नव्याने नोंदणी करून घ्यावी लागते.

विकण्याबाबत एक गंभीर गोष्ट नमूद केली पाहिजे. वारसांना गाडी ठेवायची नसते तेव्हा ती आधी वारसाच्या नावे आणि मग खरेदीदाराच्या नावे, असे दोनदा हस्तांतरण करावे लागते. मोटारीच्या हस्तांतरणाची मूळ सरकारी फी काही शे रुपयांचीच आहे, पण दोनदा खेपा घालायच्या म्हणून एजंट जवळचा रस्ता दाखवतो. तो रस्ता असा, की विक्रीनंतरच्या हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मृत माणसाची सही ‘करून’ मृत्यूच्या आधीची तारीख टाकायची. एरवी कोणाचे पाच रुपये न बुडवणारी माणसे या बनावट सहीला सहज तयार होतात, कारण आपण गुन्हा करतो आहोत असे त्यांना वाटतच नाही. दोन्ही हस्तांतरणांचे अर्ज एकाच वेळी, एकाच भेटीत स्वीकारण्याची मुभा दिली, तर हा रस्ता आपोआप ओस पडेल.

खासगी गाडीपेक्षा तातडीचा प्रश्न टॅक्सी आणि रिक्षाचा आहे. तिथे गाडीबरोबर परवानाही मृताच्या नावावर असतो आणि घरची चूल त्यावरच पेटत असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ८२ मध्ये परवान्यासाठीही तशीच तरतूद आहे, ३० दिवसांत खबर आणि तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज. रिक्षाचालकाच्या विधवेला स्वतःला वाहन चालवता येत नसले तरी गाडी तिच्या नावे होण्यात अडचण नाही, मालकीसाठी चालक परवाना लागत नाही. परंतु तिला हे कोणी सांगत नाही, आणि तीन महिन्यांनी ती कार्यालयात पोचते तेव्हा तिच्याशी बोलणारा पहिला माणूस बहुधा रिक्षा स्वस्तात मागणारा असतो. गाडीची सूचना आणि परवान्याची खबर एकाच नमुन्यात घेतली जावी, आणि रिक्षा-टॅक्सी संघटनांकडे तो नमुना छापील स्वरूपात द्यावा.

शेवटी एक सूचना. महसूल खात्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम गावोगाव हाती घेतले. परिवहन खात्याला तशीच मोहीम आरसीसाठी घेता येईल, ठरावीक मुदतीत येणाऱ्या वारसांना विलंबाचा दंड माफ करून. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या नोंदींची माहिती मतदार यादी, शिधापत्रिका, चालक परवाना अशा कामांसाठी इतर प्राधिकरणांना देण्याची वाट खुली केली आहे. चालक परवाना आपल्याच खात्याचा आहे. तो मृत्यूमुळे बंद करताना त्याच व्यक्तीच्या नावे वाहन आहे का हे पाहून नोंदीतल्या पत्त्यावर नियम ५६ ची माहिती देणारे पत्र टपालाने पाठवावे. मोहिमेचा निर्णय व्हायला वेळ लागणार हे मी समजू शकतो, पण सूचनेचा एकपानी नमुना आणि कागदपत्रांची राज्यभर एकच यादी यांसाठी आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते निघाल्यास त्याची प्रत आमच्या आणि इतर गृहनिर्माण संस्थांच्या सूचना फलकावर लावण्याची जबाबदारी आम्ही सचिव आनंदाने घेऊ.

आपला विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
पुणे.